नाताळ आणि घरातील कुत्रा-मांजर: काय टाळावे, काही खाल्ले तर काय करावे, चावल्यास कोणते उपचार घ्यावेत

नाताळच्या आठवड्यात घरात एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बदलतात. केक आणि फराळाचे डबे टेबलावर येतात, ख्रिसमस ट्री उभे राहते, दिव्यांच्या माळा जमिनीलगत फिरतात, पाहुण्यांची ये-जा वाढते आणि रात्री फटाके वाजतात. माणसांना यात आनंद वाटतो. कुत्र्या-मांजरांना मात्र नवीन वास, नवीन वस्तू आणि अनोळखी माणसे एवढेच कळते. वसई, उत्तन, वांद्रे, पुणे, अहिल्यानगर किंवा गोवा, घर कुठेही असो, धोके साधारण तेच असतात आणि त्यातले बहुतेक टाळता येतात.

या लेखात प्राण्यांना होणारी विषबाधा व इजा, आणि प्राण्याने चावा घेतल्यास किंवा ओरखडल्यास माणसाने करायचे उपचार, अशी दोन्ही प्रकारची माहिती आहे.

सर्वांत महत्त्वाचे: लक्षणे दिसण्याची वाट पाहू नका

"आता तरी ठीक दिसतोय, सकाळी बघू." सणाच्या रात्री सर्वाधिक नुकसान या वाक्याने होते. कुत्र्याने किंवा मांजराने विषारी पदार्थ खाल्ला की तो पोटातून रक्तात जाईपर्यंत थोडा वेळ मिळतो. कुत्र्यांमध्ये पशुवैद्य औषधाने उलटी करवून पदार्थ बाहेर काढू शकतात. याचा उपयोग साधारणपणे पहिल्या दोन तासांत सर्वाधिक होतो, काही पदार्थांच्या बाबतीत त्यानंतरही होतो. लक्षणे मात्र बहुतेक वेळा ही संधी निघून गेल्यावर दिसू लागतात.

कोणत्या गोष्टीचा परिणाम साधारण कधी दिसतो, ते पाहा:

- झायलिटॉल असलेले शुगर-फ्री पदार्थ: कुत्र्यात बहुधा अर्ध्या ते एका तासात, कधी त्याहून उशिरा
- चॉकलेट: साधारण ६ ते १२ तासांत
- मांजराच्या पोटात गेलेली पॅरासिटामॉल: काही तासांत
- मनुका, बेदाणे, द्राक्षे: उलट्या पहिल्या २४ तासांत, मूत्रपिंडाची इजा १ ते ३ दिवसांत
- लिलीची फुले (मांजर): उलट्या काही तासांत, मूत्रपिंड निकामी होणे १ ते ३ दिवसांत
- कांदा-लसूण: अशक्तपणा आणि रक्तक्षय काही दिवसांनी
- गिळलेली रिबन किंवा चमकीची झालर: कधी त्याच दिवशी, कधी काही दिवसांनी

म्हणून घड्याळ "खाल्ले तेव्हापासून" मोजा. प्राणी खेळत असला, शेपटी हलवत असला तरी लगेच पशुवैद्यांना फोन करा. माणसाला कुत्रा चावल्यावरही हाच नियम लागू पडतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो आजार जवळजवळ नेहमीच जिवावर बेततो, तर वेळेवर घेतलेली लस तो टाळते.

फराळ आणि जेवणातील धोके

*चॉकलेट आणि कोको*

चॉकलेटमधील थिओब्रोमिन आणि कॅफिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतात. त्यामुळे उलट्या, जुलाब, अतिशय तहान, बेचैनी, धडधड, स्नायूंचा थरकाप आणि शेवटी झटके येऊ शकतात. चॉकलेट जितके गडद आणि कडू, तितके ते अधिक धोकादायक. ढोबळ हिशेब असा: मिल्क चॉकलेटच्या १ ग्रॅममध्ये सुमारे २ मिलिग्रॅम, डार्क चॉकलेटमध्ये सुमारे ५ मिलिग्रॅम आणि कोको पावडरमध्ये २० मिलिग्रॅमहून अधिक उत्तेजक द्रव्य असते. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅमपासून सौम्य लक्षणे, ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयावर परिणाम आणि ६० मिलिग्रॅमच्या आसपास झटके येऊ शकतात.

आता घरातले उदाहरण घ्या. ५ किलोच्या पॉमेरेनियनने १०० ग्रॅमचे मिल्क चॉकलेट संपवले, तर त्याच्या पोटात किलोमागे सुमारे ४० मिलिग्रॅम गेले. हे धोक्याचे आहे. तेवढेच चॉकलेट ३० किलोच्या लॅब्राडोरने खाल्ले, तर किलोमागे ७ मिलिग्रॅमच्या आसपास जाते आणि बहुधा पोट बिघडण्यावर निभावते. पण त्याच पॉमेरेनियनने केकसाठी काढून ठेवलेली २० ग्रॅम कोको पावडर चाटली, तर मात्रा झटक्यांच्या पातळीच्याही वर जाते. म्हणून पशुवैद्यांना फोन करताना चॉकलेटचा प्रकार, अंदाजे वजन आणि कुत्र्याचे वजन या तीन गोष्टी सांगा. मांजरांनाही चॉकलेट विषारीच आहे. मात्र त्यांना गोड चव कळत नसल्याने ती सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत.

*प्लम केक, मनुका, बेदाणे*

नाताळच्या केकमधला कुत्र्यांसाठी सर्वांत धोकादायक घटक म्हणजे मनुका, बेदाणे आणि काळे करंट. यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे अचानक निकामी होऊ शकतात. द्राक्षांतील टार्टरिक आम्ल हे यामागचे कारण असावे, असे अलीकडच्या अभ्यासांवरून दिसते. चिंच आणि क्रीम ऑफ टार्टर खाल्लेल्या कुत्र्यांतही अशीच इजा नोंदली गेली आहे.

इथे चॉकलेटसारखा हिशेब मांडता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर मनुका पचवतो, तर दुसरा थोड्याशा मनुकांनी गंभीर आजारी पडतो. सुरक्षित अशी मात्रा सांगता येत नाही, म्हणून "एकच फोड खाल्ली" हेसुद्धा कळवण्यासारखे कारण आहे. केकसाठी रममध्ये भिजत घातलेला सुका मेवा दुहेरी धोक्याचा, कारण त्यात मनुका आणि मद्य दोन्ही असतात. करंजीच्या सारणातले बेदाणेही विसरू नका.

*फुग्यांचे आणि पावाचे कच्चे पीठ*

ईस्ट इंडियन घरांत नाताळला फुगे तळतात. यीस्टने किंवा ताडीने आंबवलेले हे पीठ कित्येक तास झाकून ठेवलेले असते. कुत्र्याने ते कच्चे खाल्ले, तर पोटाच्या उबेत ते फुगतच राहते. पोट ताणले जाते आणि आंबवण्यातून तयार झालेला अल्कोहोल रक्तात उतरतो. फुगलेले पोट, कोरड्या ओकाऱ्या आणि झोकांड्या ही त्याची चिन्हे आहेत. तळलेला एखादा फुगा पडून त्याने खाल्ला तर हा धोका नसतो. पीठ झाकणाला वजन ठेवून किंवा बंद कपाटात ठेवा.

*सोरपोतेल, विंदालू, रोस्ट आणि हाडे*

या पदार्थांत तीन अडचणी असतात. पहिली, कांदा आणि लसूण. कच्चे, शिजवलेले किंवा पूड करून मसाल्यात मिसळलेले, कोणत्याही रूपात ते कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. मांजरे याला अधिक नाजूक असतात. दुसरी, चरबी. डुकराच्या मांसाची चरबी एकदम बरीच खाल्ल्यास कुत्र्याच्या स्वादुपिंडाला तीव्र सूज येऊ शकते. वारंवार उलट्या, पोटदुखीमुळे पाठीची कमान करून उभे राहणे आणि अन्न नाकारणे ही त्याची लक्षणे आहेत. तिसरी, हाडे. शिजलेली हाडे ठिसूळ होतात आणि त्यांचे टोकदार तुकडे घशात, अन्ननलिकेत किंवा आतड्यात रुततात. जेवण संपताच ताटे उचला. कचऱ्याची पिशवी झाकणाच्या डब्यात टाका किंवा घराबाहेर न्या, कारण बरेच अपघात जेवणानंतर कचऱ्याच्या डब्यापाशी होतात.

*वाइन, रम, बिअर*

कुत्र्याचे किंवा मांजराचे वजन कमी असल्याने थोडे मद्यही त्यांच्या शरीराचे तापमान, रक्तातील साखर आणि श्वास मंदावते. अर्धे प्यालेले पेले जमिनीवर किंवा सोफ्याच्या हातावर ठेवू नका. गंमत म्हणून कोणी पाजत असेल, तर त्याला स्पष्टपणे थांबवा.

*मधुमेहींसाठी आणलेले शुगर-फ्री पदार्थ*

घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर हा भाग नीट वाचा. झायलिटॉल हा गोडवा माणसाला चालतो. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्याने इन्सुलिन एकदम स्रवते आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. मात्रा जास्त असल्यास यकृतही निकामी होऊ शकते. साखरविरहित च्युइंगगम, पुदिन्याच्या गोळ्या, काही टूथपेस्ट आणि काही बेकरी पदार्थांत तो आढळतो. सगळ्याच शुगर-फ्री वस्तूंत झायलिटॉल नसतो, कित्येकांत स्टीव्हिया किंवा सुक्रालोज असते. म्हणून वेष्टनावरील घटकांची यादी वाचा. तिथे "बर्च शुगर" किंवा "ई ९६७" लिहिले असेल तर तेही झायलिटॉलच असते.

*पाहुण्यांच्या पिशवीतील औषधे*

पलंगावर किंवा सोफ्यावर ठेवलेल्या पर्समधून गोळ्यांची पाकिटे ओढून काढणे कुत्र्यांना सहज जमते. पॅरासिटामॉल मांजरासाठी अत्यंत विषारी आहे, ५०० मिलिग्रॅमची एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसणे, तोंड व पंजे सुजणे आणि धाप लागणे ही त्याची लक्षणे आहेत. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी दोन्ही प्राण्यांच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडांना इजा होते. पाहुण्यांच्या बॅगा ठेवायला एक बंद खोली किंवा उंच फडताळ ठरवून ठेवा. प्राण्याला ताप आहे असे वाटून घरातली गोळी कधीही देऊ नका.

*मग त्यांना काय द्यायचे?*

सणाचा घास द्यायचाच असेल, तर मीठ-मसाला न घातलेली, हाडे काढलेली उकडलेली कोंबडी, साधा भात, उकडलेले गाजर किंवा लाल भोपळा यांतले थोडेसे त्यांच्या नेहमीच्या भांड्यात द्या. हे पाहुणे येण्यापूर्वी द्यावे, म्हणजे पोट भरलेला प्राणी ताटाशी कमी घुटमळतो. लहान मुलांना आणि आजी-आजोबांना आधीच सांगा: "द्यायचे असेल तर या डब्यातलेच द्या." नुसते "काही देऊ नका" असे सांगण्यापेक्षा हे अधिक पाळले जाते.

सजावटीतील धोके

*चमकीची झालर, रिबन, दोरा*

मांजराला लोंबणारी, चमकणारी वस्तू म्हणजे शिकार वाटते. तिच्या जिभेवरचे काटे आतल्या दिशेने वळलेले असल्याने तोंडात आलेला दोरा बाहेर पडत नाही, पुढेच सरकतो. त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते, दुसरे पुढे जाते आणि आतड्याला नाड्याने ओढल्यासारख्या चुण्या पडतात. कधी दोरा आतडे कापतोही. यावर अनेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते.

*मांजराच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तर तो ओढू नका आणि तसेच तिला पशुवैद्यांकडे न्या.* घरात मांजर असेल तर झालर यंदा वापरूच नये, हे सर्वांत सोपे. भेटवस्तू उघडल्या की रिबन आणि दोरे लगेच गोळा करा.

*फुले: लिली आणि पॉइन्सेटिया*

पुष्पगुच्छांत येणाऱ्या एशियाटिक, ओरिएंटल आणि ईस्टर लिली मांजरासाठी जीवघेण्या आहेत. पान चावणे, अंगावर पडलेले पराग चाटणे किंवा फुलदाणीतले पाणी पिणे यांनीही मूत्रपिंडे निकामी होतात. सुरुवातीच्या उलट्या थांबून मांजर सुधारल्यासारखी वाटते आणि नंतर खालावते, त्यामुळे घरच्यांची फसगत होते. पहिल्या १८ तासांच्या आत सलाइनचे उपचार सुरू झाले तर ती वाचण्याची शक्यता बरीच वाढते. मांजर असलेल्या घरात लिलीचा गुच्छ आला, तर तो चर्चमध्ये द्या किंवा शेजाऱ्यांना द्या, आणि शेजाऱ्यांकडे मांजर नाही याची खात्री करून घ्या.

लाल पानांच्या पॉइन्सेटियाची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त बाळगली जाते. त्याच्या चिकाने तोंडात जळजळ, लाळ गळणे किंवा एखादी उलटी होऊ शकते, गंभीर विषबाधा सहसा होत नाही.

*ट्री, गोठा आणि काचेचे गोळे*

आपल्याकडे बहुतेक ट्री प्लॅस्टिकचे असते, काही घरांत कुंडीतले अरोकेरिया सजवतात. प्रकार कोणताही असो, मांजर त्यावर चढणार हे गृहीत धरा. बुंधा जड ठेवा आणि वरचे टोक मासेमारीच्या पारदर्शक दोरीने खिडकीच्या गजाला बांधा. काचेचे गोळे आणि खाण्याची सजावट खालच्या फांद्यांवर लावू नका. परदेशात खरे फर किंवा पाइनचे झाड आणणाऱ्यांनी त्याच्या बुंध्याचे पाणी झाकून ठेवावे. त्यात खत किंवा झाड टिकवण्याचे रसायन असेल, तर ते पिऊन प्राणी आजारी पडू शकतो.

गोठ्यात उगवलेले नाचणीचे किंवा गव्हाचे कोवळे तृण प्राण्याने खाल्ले तर घाबरू नका. गोठ्यातील कापूस, थर्माकोलचे गोळे आणि लहान मूर्ती मात्र आतड्यात अडकू शकतात.

*वायर आणि बटन बॅटऱ्या*

पिल्ले आणि तरुण मांजरे वायर चावतात. शॉक बसल्यावर तोंड भाजते ते दिसते, पण फुप्फुसांत पाणी साचणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही होते. म्हणून शॉक बसलेला प्राणी सावरलेला दिसला तरी तपासून घ्या. प्राणी अजून वायरला चिकटलेला असेल, तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. घरातले सगळे बाहेर जाताना आणि झोपताना माळांचे प्लग काढा.

एलईडी मेणबत्त्या, गाणारी भेटकार्डे आणि रिमोट यांतील चपट्या बटन बॅटऱ्या गिळल्या गेल्यास अन्ननलिकेला अडकल्या जागी भाजतात, आणि ही इजा काही मिनिटांतच सुरू होते. हे प्राण्याला आणि लहान मुलाला सारखेच लागू आहे. मुलाने बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी त्याला तातडीने रुग्णालयात न्या. प्राण्याला किंवा मुलाला उलटी करवू नका.

पाहुणे, मध्यरात्रीची मिस्सा आणि फटाके

स्वभावाने शांत कुत्राही गर्दीत, गोंगाटात आणि खाण्याच्या आसपास वेगळा वागू शकतो. ओठ चाटत राहणे, सारख्या जांभया देणे, कान मागे घेणे, अंग ताठ करणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, गुरगुरणे या त्याच्या "मला सोडा" सांगण्याच्या खुणा आहेत. गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नका. मार बसला की तो पुढच्या वेळी इशारा न देता चावतो.

- आतल्या बाजूची एक खोली प्राण्यासाठी ठेवा. तिथे पाणी, अंथरूण आणि मांजर असल्यास मातीचा ट्रे ठेवा. पाहुणे, विशेषतः मुले, त्या खोलीत जाणार नाहीत हे ठरवा.
- पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना कुत्र्या-मांजराजवळ एकटे सोडू नका. खाणाऱ्या किंवा झोपलेल्या प्राण्याला हात लावायचा नाही, हा नियम सर्व मुलांना सांगा.
- कॅरल गाणारी मंडळी आली की दार वारंवार उघडते. पट्ट्यावर तुमचा मोबाइल क्रमांक लिहिलेला असू द्या.
- मिस्सेला जाण्यापूर्वी कुत्र्याला फिरवून आणा, मेणबत्त्या विझवा, फराळाचे डबे कपाटात ठेवा.
- ३१ डिसेंबरच्या रात्री गोव्यात आणि मुंबईच्या काही भागांत "म्हातारा" जाळतात, फटाकेही वाजतात. त्या वेळी कुत्र्याला बाहेर नेऊ नका. खिडक्या लावा, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा. फटाक्यांनी फार घाबरणाऱ्या प्राण्यासाठी पशुवैद्य औषध देऊ शकतात, पण त्यासाठी आठवडाभर आधी भेटा.

काही खाल्लेच, तर काय करावे

१. उरलेला पदार्थ काढून घ्या आणि प्राण्याला दुसऱ्या खोलीत ठेवा.

२. किती वाजता, काय आणि अंदाजे किती खाल्ले ते लिहून ठेवा. वेष्टन, पाकीट किंवा फुलाचा तुकडा जपा, नसेल तर फोटो काढा.

३. लक्षणे नसली तरी लगेच पशुवैद्यांना फोन करा. घरात दोन प्राणी असतील आणि कोणी खाल्ले ते माहीत नसेल, तर दोघांनीही खाल्ले असे धरा.

४. घरच्या घरी उलटी करवू नका. मिठाचे पाणी पाजल्याने रक्तातील सोडियम वाढून मेंदूला इजा होते, त्यात प्राणी दगावू शकतो. गुंगीत असलेल्या प्राण्याची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. टोकदार वस्तू, काच, बॅटरी किंवा रॉकेल पोटात गेले असेल, तर उलटीने इजा वाढते.

५. दूध, तूप, तेल किंवा लिंबूपाणी यांनी विष "उतरत" नाही. त्यात वेळ घालवू नका.

६. झटके, बेशुद्धी, धाप, फिकट किंवा निळ्या हिरड्या, फुगलेले ताणलेले पोट, सतत उलट्या किंवा लघवी बंद होणे, यांपैकी काहीही दिसले तर फोनवर थांबू नका, थेट न्या.

२५ डिसेंबरला बरेच खासगी दवाखाने बंद असतात. म्हणून २३ तारखेपर्यंत आपल्या पशुवैद्यांना सुटीत कोण उपलब्ध असेल ते विचारा आणि रात्री सुरू असणाऱ्या एका दवाखान्याचा क्रमांक फ्रिजवर चिकटवा. तिथे पोहोचायला किती वेळ लागतो आणि गाडी कोण चालवणार, हेही ठरवा. घरी सर्वांनी वाइन घेतली असेल तर हा प्रश्न ऐनवेळी अवघड होतो.

कुत्रा किंवा मांजर चावले, ओरखडले तर

भारतात रेबीज आहे, म्हणून आपल्या घरच्या प्राण्याचा चावाही दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

- जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण दोन मिनिटेही पंधरा मिनिटांसारखी वाटतात.
- त्यानंतर जंतुनाशक लावा. हळद, तिखट, चुना, कॉफी किंवा तेल लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका.
- त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते आणि नाताळची सुटी असली तरी आपत्कालीन विभाग सुरू असतो. धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का, तेही विचारा.

उपचार जखमेवर ठरतात. अखंड त्वचेवर नुसते चाटले असेल तर धुणे पुरते. रक्त न आलेला ओरखडा किंवा कुरतडणे असेल तर लस लागते. रक्त आले असेल, किंवा डोळ्यांत, तोंडात वा उघड्या जखमेवर लाळ गेली असेल, तर लसीबरोबर जखमेत रेबीज-प्रतिबंधक इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते. लस त्वचेत दिली तर सहसा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते. "०" म्हणजे लशीचा पहिला दिवस. ज्यांनी पूर्वी पूर्ण लस घेतली आहे, त्यांना बहुधा दोनच मात्रा पुरतात. गर्भवती स्त्रिया आणि बाळे यांनाही ही लस देता येते.

"आमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे" हे डॉक्टरांना जरूर सांगा, शक्य तर त्याचे लसीकरण कार्ड न्या. चावलेल्या प्राण्यावर १० दिवस लक्ष ठेवायचे असते. तो निरोगी राहिला तर पुढच्या मात्रांबाबत डॉक्टर निर्णय घेतात. पण आधी दहा दिवस थांबून मग लस सुरू करायची, असा उलटा क्रम कधीही लावू नका.

मांजराचा चावा दिसायला सुईच्या टोकाएवढा असतो, पण दात खोल जातात आणि जंतू आत राहतात. बोट किंवा मनगट १२ ते २४ तासांत लाल, गरम आणि ठणकते होऊ शकते. हाताला मांजर चावले असेल, तर सूज येण्याची वाट न पाहता अँटिबायोटिकची गरज आहे का ते विचारून घ्या.

घरात रुग्ण असेल तर

- केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण, दीर्घकाळ स्टिरॉइड किंवा प्लीहा काढलेली असल्यास प्राण्याचा छोटा चावा किंवा ओरखडाही त्याच दिवशी दाखवा. उघड्या जखमा चाटू देऊ नका.
- रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी रक्त थांबत नसल्यास जखम दाबून धरून थेट रुग्णालयात जावे. मधुमेहींनी पायावरचा ओरखडाही रोज तपासावा.
- गर्भवती स्त्रीने मांजराचा ट्रे दुसऱ्या कोणाला साफ करायला सांगावा, नाहीच जमले तर हातमोजे घालून करावा. ट्रे रोज साफ करावा, कारण टोक्सोप्लाझ्माची अंडी विष्ठेत पडल्यावर संसर्गजन्य व्हायला १ ते ५ दिवस लागतात. मांजराला घराबाहेर घालवण्याची गरज नसते.
- दम्याच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या पाहुण्यांना घरात मांजर आहे हे आधी कळवा. मांजराला त्या दिवशी दुसऱ्या खोलीत ठेवले तरी सोफ्यावर, पडद्यांवर तिचे अ‍ॅलर्जन राहते. त्यांनी आपला इनहेलर सोबत आणावा.
- वयस्कर माणसे पायात घुटमळणाऱ्या प्राण्याला आणि जमिनीवरच्या वायरला अडखळून पडतात. चालण्याची वाट मोकळी आणि उजेडात ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मागच्या वर्षी त्याने केक खाल्ला होता, काही झाले नाही. मग यंदा का घाबरायचे?*
मनुकांचा परिणाम दर वेळी सारखा होत नाही, केकमधले त्यांचे प्रमाणही बदलते. एकदा निभावले म्हणून तो पदार्थ त्याला चालतो असे ठरत नाही.

*केक खाऊन सहा तास झाले आहेत. आता फोन करून उपयोग आहे का?*
हो. उलटी करवण्याची वेळ गेली असली तरी सलाइन देऊन मूत्रपिंडांचे रक्षण करता येते आणि रक्ततपासणीने इजा लवकर कळते.

*खर्चाची चिंता वाटते. थोडे थांबून पाहिले तर?*
पहिल्या दोन तासांत उलटी करवून घरी परतणे आणि मूत्रपिंडे निकामी झाल्यावर काही दिवस दवाखान्यात ठेवणे, यांतला पहिला मार्ग बहुधा कमी खर्चाचा असतो. फोनवर सल्ला घेतल्यावर "न्यायची गरज नाही" असेही उत्तर मिळू शकते.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या प्राण्यासाठी पशुवैद्यांचा आणि माणसाच्या जखमेसाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*